बाबांचे तीन पुतळे

आमच्या घरात बाबांचा फोटो नव्हता, म्हणून १९९४ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी आई आणि मी सार्वजनिक शिल्पकला पाहायला निघालो.

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर एका दिवसात होतं का, असं या प्रवासाच्या सदरात बरेच जण विचारतात. होतं. आम्ही केलं, तेही आईचे गुडघे बरोबर घेऊन. फक्त आता जाल तर यातलं फारसं काही सापडणार नाही, तेव्हा बसल्या जागी वाचा.

फोटो का नव्हता ते आधी सांगते. बाबा अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे, तिथल्याच एका कारखान्यात फिटर. कुणी कॅमेरा काढला की त्यांना हटकून मागच्या अंगणात काहीतरी काम निघायचं. लग्नातला एक फोटो आहे, पण बाशिंग आणि मुंडावळ्यांच्या मागे कोणीही उभं असू शकतं. कारखान्याच्या पासावर एक बरा फोटो होता. ते गेल्यावर आठव्या दिवशी कंपनीचा माणूस आला आणि पास परत घेऊन गेला. नियम आहे म्हणाला. चहा मात्र प्यायला, त्याला नियमाची आडकाठी नव्हती.

वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. "मला त्यांचं नाक आठवतं गं, बाकी तोंड आठवत नाही," आई एका सकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली. मी घाबरले, कारण मला नाकाचीसुद्धा खात्री नव्हती.

आशा एकच होती. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या चौक सुशोभीकरण मंडळाला कामगाराचा पुतळा उभारायची हुक्की आली होती. गणपती करणाऱ्या दत्तारामला काम मिळालं आणि त्याच्यासमोर चार रविवार बसायला बाबा मिळाले. कॅमेऱ्याला घाबरणारा माणूस सिमेंटला घाबरला नाही. त्यानंतर ते भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही चौकाकडे बोट दाखवायचे. तर बेत असा, की ऑफिसातल्या मैत्रिणीचा कॅमेरा घ्यायचा, पुतळ्याच्या चेहऱ्याचा जवळून फोटो काढायचा आणि फ्रेम करायची.

पहिला थांबा अंबरनाथचं शिवमंदिर, कारण दर्शनाशिवाय आई कुठल्याही कामाला हात घालत नाही. सकाळी लवकर जा, दगड तापलेला नसतो. बाहेरच्या भिंतींवर मूर्तीच मूर्ती, कितीतरी झिजलेल्या, तरी प्रत्येकीची मान वेगळी, उभं राहणं वेगळं. आईने पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "एवढे सगळे घडवायला किती वर्षं बसले असतील गं हे लोक?"

तिथून रिक्षाने चौकात. वाटेत वडापाव खाऊन घ्या, पुढे बराच वेळ काही मिळत नाही. पुतळा जागेवर होता. हातात पाना होता, अंगात डांगरी होती, डोकं नव्हतं. ट्रकने मागे घेताना उडवलं म्हणे; बाबा गेल्यापासून आम्ही त्या बाजूला फिरकलोच नव्हतो. मंडळाने हातपाय गाळले नव्हते. मानेतून वर आलेल्या सळीवर त्यांनी कारखान्यातलं पिवळं हेल्मेट बसवून दिलं होतं. पाना आहे, हेल्मेट आहे, चेहरा तेवढा नाही. कारखान्यालाही बाबांकडून एवढंच हवं होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

आई पदर खोचून म्हणाली, "चल दत्तारामकडे."

दत्ताराम शेडमध्ये माघी गणपतींचे उरलेले साचे धूत होता. आईला पाहून त्याने पाट पुढे केला.

"भावोजी, ह्यांचं डोकं कुठे गेलं?"

"वहिनी, डोक्याचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "अजून दोन आहेत. एक बदलापूर गावात, एक उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये."

आम्हाला काही कळेना. मग त्याने हात पुसत, जराही न लाजता सांगितलं. कामगार पसंत पडल्यावर बदलापूरहून शेतकऱ्याची ऑर्डर आली, नंतर कॅम्प पाचच्या एका वारलेल्या शेठच्या पुतळ्याची. साचा तयारच होता. एकाला फेटा बांधला, दुसऱ्याला टोपी घातली.

"अहो, पण चेहरा?" मी विचारलं.

"गणपतीचा चेहरा आपण दर घराला वेगळा करतो का? मुकुट बदलतो, हातातलं बदलतो. लोक हातातलं बघतात, ताई."

"आणि त्या शेठच्या घरच्यांना कळलं नाही?"

"मुलाने फोटो दिलेला, तो पाण्यात भिजलेला. नुसता चष्मा दिसत होता. मी तारेचा चष्मा करून लावला. मुलगा बघायला आला तर रडायलाच लागला. मग मी कशाला तोंड उघडू?"

"देवळातल्या त्या बिचाऱ्यांना हे सुचलं असतं तर आठवड्यात मोकळे झाले असते," एवढंच आई म्हणाली आणि उठली.

बदलापूरला एसटीने गेलो. स्टेशनपासून गावात टांगा जातो. चार माणसं भरल्याशिवाय टांगेवाला लगाम हातात घेत नाही. गाव जुनं, कौलारू, उन्हात छान दिसतं. चित्रं काढणाऱ्यांनी जरूर जावं. शेतकरी देवळापुढच्या पारावर उभा होता, नांगराच्या रुमण्यावर हात ठेवून, आणि पायापासून फेट्यापर्यंत चंदेरी. जवळ गेल्यावर कळलं की डोळे, ओठ, गाल सगळं ऑइलपेंटखाली बुजून गेलंय.

"दर दिवालीला रंगवतो आमी," पारावरचे एक म्हातारबाबा अभिमानाने म्हणाले. "यंदा तर दोन हात मारले."

आईने चढून गालावरचा रंग नखाने खरवडायला घेतला.

"बाय, खरवडू नको, सांगून ठेवतो. गावचा शेतकरी हाय तो."

"नवरा आहे माझा," आई म्हणाली.

म्हातारबाबांनी एकदा पुतळ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि ते पाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. खरवडून फक्त मागच्या वर्षीची चंदेरी निघाली. नाक मात्र होतं. "ते मला आठवतंच आहे," आई खाली उतरत म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मला दत्तारामचे सगळे साचे फोडून यावंसं वाटलं.

परत अंबरनाथ, तिथून रिक्षाने कॅम्प पाच. भूक असेल तर दाल-पकवान खा. पकवान म्हणजे तळलेली पुरी, इतकी कुरकुरीत, की टेबलावर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आईने दोन घास खाऊन ताट सरकवलं. निर्वासितांच्या जुन्या बराकींच्या मागच्या लहानशा चौकात, लोखंडी कठड्यात शेठचा अर्धपुतळा होता. स्वच्छ, धुतलेला, रंग न दिलेला. टोपी, तारेचा चष्मा, आणि त्यामागे बाबा. रागावायच्या आधी उजवी भुवई जराशी वर जायची, तीसुद्धा होती.

आई कठड्याला धरून उभी राहिली. मी कॅमेरा काढला, पण मला धड दिसत नव्हतं.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या सिंधी बाई हार घेऊन आल्या. "फोटो खींचना है? खींचो ना बेटी. मेरे पति हैं." त्यांनी पदराने चष्म्यावरची धूळ पुसली. "चालीस साल यही मुँह देखा मैंने. बिल्कुल ऐसे ही थे."

मला हसू आलं, मग संताप आला. मी तोंड उघडणार, तोच आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ होता.

"तुमचा शेठ लय चांगला दिसता है," ती त्यांना म्हणाली. "रोज आता है तुम?"

"रोज. नहीं आऊँ तो शकल भूल जाती हूँ."

आईने मान हलवली. मग विचारलं, "एक दिन मैं हार घालू?"

बाईंनी काही न विचारता हार तिच्या हातात दिला. मी तेव्हा फोटो काढला. पाटीवरचं शेठचं नाव फोटोत येणार नाही याची काळजी घेऊन.

वर्षश्राद्धाला तोच फ्रेममध्ये लावला. टोपी घालून बाबा काहीसे श्रीमंत दिसत होते. काका फ्रेमसमोर हात जोडून उभे राहिले आणि गोंधळले. "दादाच आहे, हुबेहूब. पण याला चष्मा कधी लागला?"

"शेवटी लागला," आई म्हणाली. "वर्षानुवर्षं मी मागे लागले होते. पेपर हातभर लांब धरायचे, पण ऐकतील तर ना."

कॅम्प पाचचा तो चौक आता रुंद झालाय आणि शेठचा पुतळा कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. फ्रेम अजून आमच्या भिंतीवर आहे, शेजारी आईची. मी पुष्कळदा डोळे मिटून बाबांना चष्म्याशिवाय आठवायचा प्रयत्न करते. जमत नाही.