टिकल्या लावलेल्या लक्ष्मीचा भाव

"टिकल्या काढा समद्या. खाली सही असंल," सुभेदार म्हणाले.

"हात तर लावून बघ," त्यांच्या थोरल्या बहीण अक्का म्हणाल्या.

काउंटरवर लक्ष्मीचं जुनं चित्र होतं. औंधच्या घरातून ही भावंडं ते सांगलीला माझ्या फ्रेमच्या दुकानात घेऊन आली होती. त्यांच्या आईने लक्ष्मीच्या साडीवर टिकल्या आणि जर शिवली होती. नामांकित चित्रकाराचं आहे, लाखात जाईल, असं कुणीतरी सुभेदारांच्या डोक्यात घातलं होतं. म्हणून ते चित्र बहिणीला देत नव्हते. अक्कांना फक्त आईच्या हातचं काम हवं होतं.

"टिकल्या काढल्या तर भोकंच राहतील," मी म्हणालो आणि भिंग लावलं. हाताने रंगवलेलं असेल तर ब्रशचे फटकारे दिसतात. आजच्या छपाईत ठिपके रांगेत बसतात. जुन्या काळी दगडावरून छापत, त्यात दाणे विस्कटलेले असतात. हे दगडावरचं होतं. जुनं, अस्सल, पण छापीलच. त्यात कुणा फ्रेमवाल्याने चौकटीत बसवायला खालची पट्टी कापलेली. छापखान्याचं नाव त्याच पट्टीवर असतं आणि गिऱ्हाईक आधी तेच बघतं.

अशा पट्ट्या मीही कापून फेकल्यात. न कापलेली सहा चित्रं मात्र पुण्याच्या एका व्यापाऱ्याने माझ्याकडून रद्दीच्या भावात नेली. "कागदच आहे हो," म्हणाला. पुढे ती त्याच्या शोरूममध्ये दिसली. भिंग मी त्यानंतर घेतलं. राग अजून आहे.

"किती येत्याल?" सुभेदारांनी विचारलं.

पाच हजार सांगणार होतो. सवयीने म्हणालो, "चार. मीच देतो."

"लाख म्हनत हुता त्यो."

"कोण तो? आणा त्याला इथं." माझा आवाज चढला. "चित्रकार मोठा, पण प्रती ढिगाने निघाल्यात. तुमच्या भावकीतच दोन-तीन असतील."

"हाईत की," अक्का म्हणाल्या. "चुलत्याच्यात हाय, मामाच्यात हाय."

सुभेदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "चार हजारासाठी काय भांडायचं. ने तू."

"आन लाखाचं असतं तर?"

"तर दिलं नसतं."

अक्का खळखळून हसल्या. चित्र पुढ्यात ओढून त्यांनी नव्या फ्रेमचा दर विचारला. मी बावीसशे सांगितले.

"छापील चित्राला एवढी भारी फ्रेम? आत्ताच म्हनला न्हवं, घरोघरी असतंय?"

सोळाशेवर आणलं बाईंनी. हूक आणि दोरी फुकट. इतक्या खाली मी कधी आलो नव्हतो.

तेव्हापासून मी आधी फ्रेमचा दर ठरवून घेतो. चित्राची किंमत नंतर सांगतो.