परंड्याहून आणलेली जीप

निघताना अक्कानं सामानात एक जाडजूड वाकळ बांधून घेतली. आपण जीप बघायला निघालोय, कुणाच्या घरी मुक्कामाला नाही, असं मी दोनदा म्हणालो. तिनं ऐकलं नाही. माझं ऐकायची तिला सवयच नाही, आणि नगर स्टेशनपासून ती वाकळ माझ्याच खांद्यावर होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात तिचा दवाखाना आहे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि ती स्वतः. नर्सिंगचं शिक्षण घेऊन ती त्या रानात का जाऊन बसली, हे आमच्या आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. आसपासच्या वाड्यांतल्या अडलेल्या बायका डोलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्याव्या लागत आणि सगळ्याच पोचत नसत. मागच्या पावसाळ्यात एकीनं वाटेतच अक्काच्या मांडीवर प्राण सोडला, तेव्हापासून तिनं गाडीचा ध्यास घेतला. वाड्यांनी वर्गणी काढली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी नागली दिली, कोंबड्या दिल्या. एवढ्यात नवी गाडी येण्यासारखी नव्हती, आणि जुनी घेऊन ती फसवी निघाली तर त्या लोकांपुढं पुन्हा पदर पसरायची सोय नव्हती. लढाईत मी लष्कराच्या मोटारी हाकल्या होत्या, म्हणून गाडी पारखायचं काम माझ्याकडे आलं. परंड्याला इमामभाई म्हणून एकांची जुनी जीप विकायची आहे, असं कळलं होतं.

कुर्डुवाडीला उतरून आम्ही परंड्याची एस.टी. धरली. थंडी ओसरत आली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी कापणीला आलेली, मधूनमधून करडईची पिवळी शेतं, आणि त्यापलीकडे काळी सपाट जमीन, नजर अडायला झाडसुद्धा नाही. डोंगरातून आलेल्या माणसाला अशा मोकळ्या मुलखात उगाचच उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. वाटेत छप्पर उडालेली एक चौकी लागली. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं की ती करोडगिरी (निजामाच्या हद्दीवरची जकात) होती. पूर्वी इथं अंगावरचं नवं धोतरसुद्धा तपासत.

"आता समदं एकच झालं," तो म्हणाला. "आमी बी मुंबई राज्यात आलो. फकस्त रस्ता यायचा ऱ्हायलाय."

तेवढ्यात गाडी अशी आदळली की त्याच्या बोलण्याला वेगळ्या पुराव्याची गरज उरली नाही.

परंड्यात पहिल्यांदा दिसतो तो किल्ला. खंदकात गवत माजलं होतं आणि बुरुजावर शेळ्या चरत होत्या. त्याच्याच सावलीत इमामभाईंचं घर, आणि अंगणातल्या लिंबाखाली ती जीप. अमेरिकन लष्कराची, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली. डावीकडे स्टिअरिंगचं चक्र, टपाच्या जागी ताडपत्री, आणि मागं लोखंडी सांगाडा वाढवून त्यावर सागवानी फळ्या बोल्टांनी आवळलेल्या. भूमच्या बाजाराला माणसं आणि गाठोडी न्यायला ती सोय होती.

इमामभाई पन्नाशीचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. त्यांचे वडील बैलांचे हेडी (व्यापारी) होते आणि त्यांच्या घरचा एक रिवाज होता: जनावर दाखवताना त्याची खोड विकणाऱ्यानं आधी आपण होऊन सांगायची. त्याप्रमाणे त्यांनी जीपच्या खोडी सांगायला सुरुवात केली. दुसरा गिअर हातानं धरून ठेवावा लागतो, नाहीतर निसटतो. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. चढाला पाणी उकळतं. पुढची एक कमान (स्प्रिंग) तुटून जोडलेली आहे. मैलांचा आकडा अगदीच लहान दिसला म्हणून मी वाकून पाहत होतो, तर त्यांनी तेही सांगितलं, की हा आकडा दोनदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आहे. एवढा प्रामाणिक विक्रेता मी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून माझा संशय आणखीच वाढला. मी गाडीखाली शिरलो, प्लग काढले, ऑइल बोटांवर चोळून पाहिलं. काही सापडलं नाही. म्हातारी गाडी होती, पण इंजिनाचा आवाज खणखणीत होता.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी ठेवूनच घेतलं. त्यांच्या घरच्यांनी, अमीनाबींनी, खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) वाढला, सोबत अंबाडीची भाजी आणि तेलात परतलेली लाल मिरची. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवताना अमीनाबींनी अक्काला विचारलं की दवाखान्याला गाडी कशाला लागते, औषधं आणायला का? अक्का म्हणाली, नाही, अडलेल्या बायकांना तालुक्याला न्यायला. अमीनाबींच्या हातातला डाव तसाच राहिला. मग त्या उठून आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, परक्या पुरुषादेखत असला विषय निघाला म्हणून संकोचल्या असतील. इमामभाई खाली बघून जेवत राहिले आणि म्हणाले, सकाळी गाडी चालवून बघा, मग बोलू.

सकाळी इमामभाईंना बरोबर घेऊन आम्ही भूमच्या वाटेला लागलो. पुढं मुलूख हळूहळू चढत जातो, माती विटते आणि दगड वर येतात. मी चालवत होतो. पहिल्याच चढाला सांगितल्याबरहुकूम पाणी उकळलं. विहिरीवरच्या एका बाईनं घागरभर पाणी दिलं आणि, जीप बैलापेक्षा जास्त पिते, असा शेरा मारला. एकूण गाडी मला आवडत चालली होती. नांगरटीतून गेली, वाळूत रुतली नाही, दगडी उतारावर अंगावर आली नाही. मी मनातल्या मनात सौदा करून टाकला होता.

पुढं एक कोरडी नदी आली. पात्रात नारळाएवढाले गोटे. इथं अक्कानं थांबायला सांगितलं. मग वाकळ उलगडून तिनं मागच्या फळ्यांवर अंथरली, पदर खोचला आणि चक्क त्यावर उताणी निजली.

"आता ने," ती म्हणाली. "बसून मला काय कळणार? ज्यांना न्यायचं त्या निजून जाणार आहेत."

जिवंत माणसानं गाडीत असं निजावं, हे आमच्याकडे कुणालाही बघवणार नाही. पण इमामभाईंकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते खाली उतरून मागं गेले.

"उठा बाई," ते म्हणाले. "तिथं निजू नका."

अक्का उठून बसली. इमामभाईंनी त्या फळीवर हात ठेवला.

"एक खोड सांगितली न्हाय. ऱ्हायली न्हाय, म्या दाबून ठिवली. काल तुमी जेवताना बोललात तवापासून घरची माझ्याशी बोलली न्हाय. आमची शमीम, पयलीच खेप तिची. बार्शीला न्ह्यायला ह्याच फळ्यांवर निजवली, आईच्या मांडीवर डोकं. गाडी कुठं बंद पडली न्हाय, चाक रुतलं न्हाय. दगडा-दगडाला पोरगी वरडत हुती, आन म्या म्हनत हुतो, जरा कळ काढ, आलं, आलं. येळंवर पोचलो, बाई. इंजिन पोचलं. लेक वाटंतच गेली."

अक्का त्यांच्या हातावर हात ठेवून बसली. मग ती मला म्हणाली, "दत्तू, तू चालव. मला हे कळलं पाहिजे." आणि ती पुन्हा निजली.

इमामभाई काठावर पाठ करून बसले. मी होता होईल तेवढं हळू पात्र ओलांडलं आणि गाडी परत आणली. चक्राशी बसलेल्याला त्या गाडीचे धक्के कळतच नाहीत, हातात काहीतरी असतं, नजर पुढं असते. मागून एकदा अक्काचा आवाज आला. ती रडकी बाई नव्हे. उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. एका दगडावर बसून ती घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, पोटात मूल नसताना मला सोसलं नाही.

आम्ही परत फिरलो. माझ्या हिशेबी सौदा मोडला होता. वाड्यांतल्या लोकांना काय सांगायचं, रिकाम्या हातानं गेलो तर अक्काला काय वाटेल, एवढंच डोक्यात होतं. परंड्यात पोचलो, जीप लिंबाखाली लागली, आणि अक्का म्हणाली, "इमामभाई, गाडी मी घेते."

"म्या इकत न्हाय," इमामभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण माणूस हलणार नव्हता. "समदं सांगून बी तुमी बायाच घालनार ह्याच्यात?"

"नाही. यात मी बसणार," अक्का म्हणाली. "आजवर मी अडलेल्या बाईची वाट बघत दवाखान्यात बसले. आता दिवस भरायच्या आधी मीच वाडीवाडीत जाईन. जिचं अवघड दिसेल तिला आठव्या महिन्यातच बसवून आणीन, माझ्या खोलीत ठेवून घेईन. निजवून कुणाला न्यायचं नाही. तुमच्या लेकीची शपथ समजा."

इमामभाई घरात गेले. परत आले ते पाना आणि पहार घेऊन. त्यांनी मागच्या फळ्यांच्या चाक्या एकेक करून सोडवल्या. गंजलेल्या होत्या, वेळ लागला. मी मदतीला वाकलो तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"जनावर इकलं तरी दावं इकत न्हाईत आमच्यात," ते म्हणाले. "दावं घरात ऱ्हातं. ह्या बी ऱ्हाऊ द्या."

इतका वेळ दारामागं उभ्या असलेल्या अमीनाबी तेव्हा बाहेर आल्या. त्यांनी फळ्यांचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून त्या आत नेल्या. पैशांचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं. निघताना अमीनाबींनी अक्काच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं, "संभालके जाव" एवढंच म्हणाल्या, आणि जीप वळणाआड जाईपर्यंत दोघंही दारात उभी होती.

करमाळ्यामार्गे परत आलो. दुसरा गिअर अक्कानं वाटभर हातानं धरून ठेवला, आणि मी चुकलो की मला बोलणीही दिली. दोनदा पाणी उकळलं, एकदा टायर बसलं.

गावात हार-तुरे तयार होते. लोकांनी जीपला प्रदक्षिणा घातली आणि मागच्या उघड्या सांगाड्यापाशी येऊन थबकले. बाईला निजवायचं कुठं, असं एकानं विचारलं. अक्कानं सगळं सांगितलं. कुणाला पटलं, बऱ्याच जणांना नाही. आमच्या कोंबड्या विकून बाईंनी आपल्या फिरण्याची सोय केली, असंही कुणीतरी मागं बोललं. मला राग आला, पण त्यांची भीती खरी होती. डोली लागायची वेळ पुन्हा येणारच होती, आणि अशा वेळी काय करायचं याचं उत्तर अक्काकडेही नव्हतं. तिनं निवडलं ते बरोबर की चूक, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिच्या जागी मी असतो तर गुपचूप नव्या फळ्या ठोकल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मला गाडी काढायला लावली आणि सगळ्यांत लांबच्या वाडीची वाट धरली. त्या वाडीला तोवर मोटार कधी गेली नव्हती. आवाज ऐकून माणसं कामं टाकून धावत आली. पहिल्याच घराच्या उंबऱ्यात एक मुलगी उभी होती, विशीचीही नसेल, सातवा महिना असावा. तिची सासू घाबरीघुबरी होऊन पुढं आली आणि विचारू लागली, "कोण आजारी आहे, बाई? कुणाला काय झालंय?"

"कुणाला काही झालं नाही," अक्का जीपमधून उतरत म्हणाली. "म्हणूनच आले."