कुरडयांवरचं चॅनल

शेजारच्या सुमनकाकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आहेत आणि कावळे येऊ नयेत म्हणून वर व्हिडिओ कॅसेटची काळी फीत आडवी-उभी ताणली आहे. वाऱ्यावर ती चमकते, गुणगुणते. काकूंचे यजमान आमच्या गावातल्या केबल चॅनलचे कॅमेरामन होते. चॅनल बंद पडलं, पुढं तेही वारले, आणि कॅसेटींची पोती माळ्यावर राहिली. त्या लावून बघायला आता कुणाकडे यंत्रही नाही.

त्या चॅनलवर बातमी अशी फारशी नसेच. शाळेचं गॅदरिंग असो की पतसंस्थेची सभा, भाषणाचं एखादं वाक्य झालं की कॅमेरा श्रोत्यांकडे वळायचा आणि एकेका रांगेवरून सावकाश फिरायचा. कुणी सुटलं तर दुसऱ्या दिवशी तक्रार दारात हजर. कॅमेरा जवळ आला की माणसं कॉलर नीट करत, ताठ बसत आणि वक्त्याकडे अगदी मन लावून बघत. संध्याकाळी सगळं गाव टीव्हीपुढं बसून स्वतःला शोधायचं. जगात काय चाललंय ते मोठी चॅनलं सांगत. त्या जगात आपणही आहोत, एवढंच हे चॅनल सांगायचं.

सकाळी काकूंना ती फीत बांधू लागताना मी विचारलं, "काकू, ह्यात कोण कोण असेल?"

"सगळं गाव असेल," गाठ मारत त्या म्हणाल्या. "हे तेवढे नाहीत. ते कायम कॅमेऱ्यामागं."

वारा आला. फीत माझ्या तोंडासमोर वळून चमकली, आणि माझा हात आपसूक कॉलरकडे गेला.