बूच मारलेला ढोल

ब्रूनो नोस्केने आयुष्यभर लाकडी पिंपं बांधली आणि पिंपांनी त्याचे कान नेले. लोखंडी कडं ठोकून बसवताना माणसाचं डोकं पिंपाच्या तोंडाशी असतं, आणि तो ठणठणाट दिवसभर, वर्षानुवर्षं. कारखान्यात सगळेच थोडेफार बहिरे, सगळेच ओरडून बोलायचे, त्यामुळे तिथे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे वाइनवाल्यांनी पोलादी टाक्या आणल्या, कारखान्याला टाळं लागलं आणि ब्रूनो घरी बसला. तेव्हा कुठे त्याच्या बायकोच्या, मेटाच्या, लक्षात आलं की स्वयंपाकघरातून मारलेली हाक परसात पोचतच नाही. आधी तिला वाटलं, नवरा आहे, मुद्दामच करत असेल.

तिच्याशिवाय गावात कुणालाच याचा पत्ता नव्हता. ब्रूनो समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचा, नाहीच ओळखता आलं तर मान डोलावून हसायचा. आमच्या या द्राक्षमळ्यांच्या बरोसा खोऱ्यात एवढ्यावर माणसाचं निभून जातं. लोक द्राक्षांबद्दल बोलतात आणि उन्हाबद्दल बोलतात, दोन्हींना मान डोलावली की झालं. रविवारच्या लांबलचक प्रवचनाला तर ऐकू न येणं हे सुखच म्हणायचं.

पंचाईत होती ती बँडची. गावच्या बँडमध्ये मोठा ढोल ब्रूनोचा, लग्नाच्याही आधीपासून. बहिरा माणूस ढोल वाजवतो कसा, असं कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं, पण ते होतं असं. ढोल पोटावर लटकवला की त्याचं लाकडी खोड बरगड्यांना टेकतं. मागच्या रांगेत क्लेम लीबिग आपला ट्यूबा घेऊन उभा असतो, अख्ख्या बँडमधला सगळ्यात मोठा पितळी भोंगा. क्लेमने खर्जातला सूर फुंकला की ढोलाची चामडी पानं आपोआप थरथरतात, आणि ती थरथर लाकडातून ब्रूनोच्या पोटात उतरते. डोळे बँडमास्तरच्या काठीवर, पोट क्लेमच्या सुरावर. एवढ्या भांडवलावर तो कधी चुकला नव्हता.

त्या उन्हाळ्यात अवकाळी पाऊस झाला आणि बँडच्या हॉलचं छप्पर गळायला लागलं. कुणीतरी घाईघाईने ढोल स्टेजखाली आडवा सारला आणि वर घडीच्या खुर्च्या रचल्या. कुणी ते अजून कळलेलं नाही, कारण आमच्या गावात असली कामं नेहमी कुणीतरीच करतं. द्राक्षांच्या उत्सवाच्या तालमी सुरू झाल्या, खुर्च्या काढल्या, तर ढोलाचा बटाटा झालेला. पान एका बाजूला लोंबतंय, दुसऱ्या बाजूला फाटायला आलंय.

"ब्रूनोकाका, हा गेला," बँडमास्तर वेंडीबाई म्हणाली. वेंडी अ‍ॅडलेड शहरातली, शाळेत संगीत शिकवणारी, कामाला वाघ. दुसऱ्याच दिवशी ती आपल्या गाडीतून शाळेचा नवा ढोल घेऊन आली. हलका, प्लॅस्टिकच्या पानांचा. ब्रूनोने तो पोटाला लावला आणि क्लेमचा सूर काही पोचेना. धून संपली, सगळे थांबले आणि त्या शांततेत ब्रूनोने आणखी एक दणका हाणला.

हॉलभर हसू फुटलं. ब्रूनोने गंमत केली असंच सगळ्यांना वाटलं. ब्रूनोही हसला आणि त्याने ढोल लगेच गळ्यातून उतरवला.

"सांगून टाक ना एकदा," घरी मेटा म्हणाली.

"सांगून टाकलं की उद्या ढोल काढून घेतील. बहिऱ्याच्या गळ्यात कोण ढोल घालणार?"

"मग करणार काय?"

"मग तो जुना गोल करायचा. पिंपच आहे ते, मेटा. बुटकं पिंप."

शेडमध्ये त्याची हत्यारं तेल लावून ठेवलेली होती. ढोलाची पानं आणि कडी त्याने उतरवली, मूळ गोलाच्या रुंदीएवढी एक काठी कापून घेतली, खोडाच्या आत सगळीकडे फिरवून बघितली. एका बाजूला काठी अडकायची, दुसऱ्या बाजूला खाली पडायची. त्याने आतून ओली गोणपाटं लावली, लाकूड पाणी प्यायल्यावर लोखंडी जाळीत ओकच्या ढलप्या पेटवून ती मधोमध ठेवली, आणि जिथे खोड दबलं होतं तिथे आतून आडवी फळी देऊन पाचर ठोकायला लागला. एक ठोका, मग थांबायचं. लाकूड तापू द्यायचं, मग पुन्हा एक.

तेवढ्यात मेटा हात पिठाने भरलेले तशीच धावत आली. "ब्रूनो! थांब! केवढ्याने करकरलं ते!"

त्याने वाकून बघितलं. जोड केसभर उकलला होता. आणखी एक ठोका आणि खोड दुभंगलं असतं. ब्रूनो तिथेच उलट्या घातलेल्या बादलीवर बसला. लाकूड तुटण्याआधी कुरकुरतं, सांगून तुटतं. हे त्याने पोरसवदा कामगारांना शिकवलं होतं, आणि आता लाकूड कानाशी ओरडलं तरी त्याला पत्ता नव्हता. ढोल राहू दे, आपण कारागीर तरी उरलो का, असं त्याच्या मनात आलं.

मेटाने हात ॲप्रनला पुसले आणि दुसरी बादली उलटी घातली. "मी बसते इथे. करकरलं की हात वर करीन."

"केक जळेल."

"जळू दे. तसाही तुझी बहीण येणार आहे खायला."

जोड चिकटवून सुकल्यावर ते दोघं पुन्हा बसले. तो ठोकायचा आणि तिच्याकडे बघायचा. मेटाचा हात वर गेला की तो थांबायचा, खाली आला की पाचर आणखी जरा आत. पहिल्यांदा ती उगाचच दचकून हात वर करायची. हळूहळू तिला लाकडाचं नुसतं बोलणं आणि ओरडणं यातला फरक कळायला लागला. "हं, हे साधं आहे, चालू दे," असं ती मोठ्या अधिकाराने म्हणायची. खोड त्याने गोलाच्याही थोडं पलीकडे ताणलं, कारण सोडल्यावर लाकूड जरा मागे येतं. बाहेरून पिंपाचं कडं चढवलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. सोडलं तेव्हा काठी आत सगळीकडे सारखी फिरली. मग आतून ओकची पट्टी चिकटवून त्याने ढोलाच्या दोन्ही कडांना आधार दिला आणि पानं पुन्हा ताणून बसवली. आणि जाता जाता, खोडाच्या बाजूला एक भोक दिसलं त्यात चांगलं घट्ट बूच ठोकून दिलं. चाळीस वर्षांची सवय. भोक दिसलं की बुजवायचं.

उत्सवाच्या आधीच्या शेवटच्या तालमीला त्याने ढोल पोटावर घेतला. क्लेमने खर्ज लावला मात्र, ब्रूनोच्या बरगड्या झिणझिणल्या. इतकी वर्षं यायचा त्याहून जवळ आला होता तो सूर, अगदी आतून. ब्रूनोने धून अशी वाजवली की त्याचं त्यालाच हसू येत होतं.

पण वेंडीबाईचा चेहरा काही खुलेना. तिने ढोलाभोवती एक फेरी मारली आणि खाली वाकली.

"काका, हे काय?"

"बूच. भोक पडलं होतं."

"पडलं नव्हतं, पाडलेलं होतं! हवा जायला असतं ते. काम फार सुंदर झालंय, पण आवाज बघा ना कसा दबलाय, घोंगडीत गुंडाळल्यासारखा."

सगळा हॉल हसला. ब्रूनोही मनापासून हसला, कारण चूक होतीच तशी. आवाज दबलाय हे त्याला कळणार तरी कसं? आणि राहू द्या म्हणायचं तर कारण काय सांगायचं? त्याने मुकाट्याने पकड आणून बूच उपटलं.

पुन्हा धून सुरू झाली. सूर आला, पण पातळ, भिंतीपलीकडून आल्यासारखा; आतल्या पट्टीने खोड कडक झालं होतं, बुचाशिवाय ते पहिल्यासारखं थरथरेना. ब्रूनो दोनदा मागे पडला. वेंडी पाठमोरी होऊन कागद चाळत म्हणाली, "काका, तिसऱ्या ओळीपासून घेऊ या का?"

ब्रूनो शांत उभा.

"काका?"

वेंडी वळली. ब्रूनो तिच्या पाठीकडेच बघत होता, आणि तिचं तोंड दिसताच त्याने घाईने मान डोलावली आणि हसला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. वेंडी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही?"

आता हसून भागणार नव्हतं. "नाही," ब्रूनो म्हणाला. "बरीच वर्षं झाली. क्लेमचा सूर लाकडातून पोटात येतो, त्यावर वाजवतो. बूच होतं तेव्हा छान येत होता." त्याने गळ्यातला पट्टा काढायला घेतला. "शाळेतलं एखादं पोर बघा तुम्ही. ढोल चांगला झालाय."

वेंडीने त्याचा हात धरला आणि पट्टा होता तसाच ठेवला. मग त्याच्या खिशातून डोकावणारं बूच तिने काढून घेतलं, भोकात बसवलं आणि पायातला बूट काढून टाचेने ठोकायला लागली. वाकडं, धसमुसळेपणाने, लाकडाचा जीव जाईल असं.

"अगं, अगं! असं नाही!" ब्रूनोला ते बघवेना. "फुटेल ते! आण इकडे." त्याने बूट हिसकावून घेतला, बूच सरळ केलं आणि दोन हलक्या ठोक्यांत ते जागेवर बसवलं.

"उत्सवात आवाज दबका येईल," वेंडी त्याच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली. "येऊ दे."

मागून क्लेम ट्यूबा सावरत पुढे आला. तोंड लालबुंद झालं होतं त्याचं. "थांब, थांब, ब्रून्या. म्हणजे दर तालमीला मी जे विनोद सांगतो, ते तू ऐकलेच नाहीस?"

"एकही नाही."

"अरे, पण तू पोट धरून हसायचास!"

"तू सांगताना स्वतःच एवढा हसतोस," ब्रूनो म्हणाला, "ते बघून मला राहवायचं नाही."

मग क्लेमने ट्यूबा तोंडाला लावला, ब्रूनोच्या अगदी मागे खेटून उभा राहिला आणि फुंकला.