हैतीचा सेनापती आणि सरूआजीची दुरडी

चूक सरपंचकाकांची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर सगळे माझ्याकडं बघणार नाहीत. लातूरचा क्लास अर्ध्यात सोडून आलेल्या पोराच्या हातात कुणी माइक देतं का?

मुदखेडजवळचं आमचं गाव. सतरा सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. ठरलेला पाहुणा आला नाही. त्याच कार्यक्रमात नव्या वाचनालयाची चावी मला मिळणार होती. पगार किरकोळ, पण दिवसभर बापाच्या नजरेआड बसायची सोय. मला दुसरं काय पाहिजे होतं?

काका म्हणाले, "तू लई वाचतूस ना, बोल धा मिनिटं. झेंडा, हुतात्मे, जय हिंद. बास."

"तेवढंच?"

"हाव. डोकं चालवू नको."

असं सांगितल्यावर कोण गप्प बसेल?

महिनाभर मी हैतीच्या गुलामांच्या बंडाबद्दल वाचून राहिलो होतो. त्यांचा सेनापती जन्मानं गुलाम, मालकाचे घोडे राखणारा. पन्नाशीच्या तोंडावर हत्यार उचललं आणि फ्रेंच फौजेला घाम फोडला. मग मी आपल्या भिल्ल नायकांवर आलो, त्यांनी इंग्रजांना डोंगरात कसं पळवलं ते सांगितलं. लोक ऐकत होते. तिथंच थांबायचं होतं.

स्टेजवर मधल्या खुर्चीत हार घातलेला फोटो होता. गावचे एकमेव स्वातंत्र्यसैनिक, कैलासवासी विठोबाआजोबा. दरवर्षी फोटोला हार आणि त्यांच्या बायकोला, सरूआजीला, शाल. आजी नव्वदीच्या पुढची, खाली बायकांत बसलेली.

मी फोटोकडं बोट केलं. "आता तुलना करा. तिकडं गुलाम तोफेसमोर उभा राहिला. इथं निजामाच्या राज्यात हे काय करत होते? मी जुन्या माणसांना विचारलंय. हे घराबाहेर पडलेच नाहीत, लेकरू खेळवत होते. आणि तुम्ही म्हातारे इतकी वर्षं टाळ्या वाजवून राहिलात."

या वाक्याला टाळी नव्हती. काका माइकची वायर शोधायला लागले.

तेवढ्यात आजी सुनेच्या खांद्याला धरून उठली. "खरं बोललं लेकरू. त्ये घरीच व्हते. थोरला माझा तान्हा व्हता, त्याला कुणी सांभाळावं?"

काका गडबडले. "मंग आजी, सरकारी कागदावर त्यांचं नाव कसं?"

"यादी कराया आलेला साहेब म्हणला, मालकाचं नाव सांगा. म्या सांगितलं."

"आन् तुम्ही कुठं व्हता?"

"रानात. निजामाशी लढणाऱ्या पोरांकडं. दुरडीत वर भाकरी, खाली काडतुसं. बाईच्या दुरडीत कोण हात घालतंय?"

मी जुन्या माणसांना विचारलं होतं, ते खोटं नाही. फक्त ती सगळी पुरुषमाणसं होती. आजी आमच्यापासून तीन घरं सोडून राहते. रोज दिसते.

चावी तिच्याच हातून द्यायची ठरली होती. ती स्टेजपाशी आली आणि चावी पुढं धरली. "घे. लई वाचायचं राहिलंय तुझं."

शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोललो असतो, ते मला जमतं. पण तिच्या आवाजात राग नव्हताच. माझा हात काही वर आला नाही. चपला तिथंच सोडून मी घरी आलो.

गावात मला आता हैती म्हणतात. वाचनालय रोज उघडतं. चावी शिंप्याच्या मुनीरकडं आहे.