टेबलाच्या दोन्ही बाजूंचे झाडे सर

झाडे सरांच्या तासाला मान दुखायची. सर एका जागी ठरतच नसत. फळ्यापासून खिडकीपर्यंत, तिथून हायवेवरच्या ट्रकांकडे एक नजर, मग बाकांमधल्या वाटेने थेट मागच्या भिंतीपर्यंत आणि तिथूनच प्रश्न. आम्ही वळेपर्यंत स्वारी पुन्हा फळ्यापाशी. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "सर, बैठ जाइए ना." सर चालता चालताच म्हणाले, "बैठने के लिए एमबीए कर रहे हो क्या?"

आमचं कॉलेज भिलाई आणि कुम्हारीच्या मधे, हायवेला लागून. दोन वर्षांच्या त्या एमबीएत नेमकं काय शिकवतात हे मला घरी कधी धड सांगता आलं नाही. बाबा गोंदियाकडून येऊन भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागलेले. शिक्षण म्हणजे हाताला काहीतरी आलं पाहिजे, वेल्डिंग, फिटिंग, गेला बाजार टायपिंग, असं त्यांचं मत. मी सांगायचे, अकाउंट्स आहे, मार्केटिंग आहे, स्टॅटिस्टिक्स आहे आणि माणसांच्या वागण्याचा एक पेपर आहे. "वागण्याचा बी पेपर असते?" बाबा विचारायचे. "मंग तुह्या मायले कावून नाही देत कोणी डिग्री?" आई आतून भांडं आपटून उत्तर द्यायची.

हा वागण्याचा पेपर झाडे सरांचा, आणि दुसऱ्या वर्षाला एचआरही त्यांचंच. पूर्वी ते एका ठेकेदार कंपनीत कामगारांची भरती आणि तक्रारी पाहायचे. पुस्तकातल्या परदेशी कंपन्यांच्या गोष्टींचा त्यांना भारी कंटाळा. "ये कंपनी अमेरिका में है, तुम भिलाई में हो," असं म्हणून पुस्तक मिटायचे आणि टेबल वर्गाच्या मधोमध ओढायला लावायचे. एका बाजूला मॅनेजमेंट, दुसऱ्या बाजूला युनियन. कँटीन, बूट, ओव्हरटाइम, अशा मागण्या द्यायचे आणि म्हणायचे, बोला. वाद रंगला, कोणी टेबलावर हात आपटला, की सर टाळी वाजवायचे, "पार्टी बदलो!" मग उठून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि आत्ताच ज्याला झोडपलं त्याच्या बाजूने भांडायचं.

आमच्या भिलाईत हे वाटतं तितकं सोपं नाही. इथे कोणाशी ओळख झाली की नावानंतरचा प्रश्न ठरलेला, वडील प्लांटात रेग्युलर, म्हणजे कायम, की ठेक्यावर? वर्गातली बाकंही त्याच हिशेबाने भरलेली. नेहरू नगरच्या दुकानदारांची मुलं पंख्याखाली, आम्ही प्लांटच्या क्वार्टरवाले मधे, खुर्सीपारच्या ठेकेवाल्या वस्तीतले मागे. सरांनी पहिल्याच वेळी मागच्या बाकावरच्या संतोषला जनरल मॅनेजर केलं. त्याचे वडील ठेक्यावर. युनियनचा नेता केला नेहरू नगरच्या एका मुलाला. नेता ऐटीत दारातून आत आला मात्र, आमचे जनरल मॅनेजर खुर्ची सोडून ताडकन उभे, "आइए साहब, आइए!" आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. "फिर से," म्हणाले. संतोषला बसून राहता येईपर्यंत त्यांनी त्या नेत्याला पुन्हा पुन्हा दाराबाहेर पाठवलं. शेवटी संतोष बसला, पण घामाघूम झाला होता.

माझी तऱ्हा निराळी. मी मॅनेजमेंट झाले आणि जे मागितलं ते देऊन मोकळी झाले. कँटीन म्हटलं की मला बाबाच दिसायचे, नाही म्हणणार कशी? तास संपल्यावर सरांनी व्हरांड्यात गाठलं, तेव्हा मी बाबांचं सांगितलं. वर्गात हिंदी आणि व्हरांड्यात आम्हा मराठी मुलांशी मराठी, असा त्यांचा शिरस्ता. "तू तं पुरा प्लांटच देऊन टाकला वं बाई! देणं सोपं असते. पहिले स्वतःले विचार, मले काय पायजे? अन ते बोलल्याशिवाय खुर्चीवरून उठाचं नाही." एवढं बोलून ते जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली. त्यांच्याशी बोलायचं तर मागे पळावं लागे.

दुसऱ्या वर्षी एचआर घेणारे आम्ही चौघंच निघालो, त्यात संतोषही. बाकी सगळे मार्केटिंगला. आमची उन्हाळ्यातली इंटर्नशिप एचआरमध्ये होऊन गेली, आणि मग बातमी फुटली की कॉलेज एचआर बंद करणार. चौघांना मार्केटिंगमध्ये ढकलायचं आणि झाडे सरांना नारळ द्यायचा. डायरेक्टरांनी सरांना भेटायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी सरांनी आम्हा चौघांना वर्गात बोलावलं आणि टेबल मधे ओढायला सांगितलं.

"तू डायरेक्टर," मला म्हणाले, त्या दिवशी वर्गातही मराठीतच. "मी मीच."

"सर, मले नाही जमत."

"जमते. तुले नेहमी बाबा दिसतेत, आज मी नाही दिसाले पायजे. चल, बस."

मी बसले. वाईट हे की मला जमलं. ॲडमिशन घटल्या, मी म्हणाले. चार मुलांसाठी एक प्राध्यापक ठेवणं परवडत नाही, म्हणाले. बाजारात मार्केटिंगला मागणी आहे, तुमचा अनुभव मोठा आहे, तुम्हाला कुठेही काम मिळेल. त्यांनी शिकवलेलं सगळं त्यांच्यावरच चालवलं. सर उत्तर द्यायला लागायचे आणि मधेच अडायचे. संतोष उठून बाहेर निघून गेला. सरांनी आता टाळी वाजवावी, मला त्यांच्या खुर्चीत बसवावं, असं मनातून फार वाटत होतं. त्यांनी वाजवली नाही. "बराबर," म्हणाले. "हेच म्हणतीन ते."

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांतर्फे मला आत बोलावलं. डायरेक्टर जवळजवळ माझंच बोलणं बोलले, फक्त माझ्यापेक्षा गोड आवाजात. पण आज सर अडले नाहीत. ही मुलं हा विषय पाहून आली, यांची इंटर्नशिप झाली, अर्ध्यात विषय बदललात तर यांना नोकरीच्या मुलाखतीत काय उत्तर आहे? पुढच्या वर्षी येणाऱ्या आईबापांना तुम्ही काय सांगाल? बोलता बोलता ते उठून उभे राहिले, टेबलावर वाकले, आवाज चढला. बाहेरच्या शिपायाने डोकावून पाहिलं. शेवटी डायरेक्टर नमले. चौघं पास होईपर्यंत एचआर चालेल, तासाप्रमाणे पैसे घेणारे बाहेरचे शिक्षक येतील, सरांची जागा मात्र जाणार.

मग ते म्हणाले, "और आप, झाडे जी? अपने लिए कुछ कहना है?"

हीच जागा होती. बोला सर, बोला, असं मी मनात ओरडत होते.

"नहीं सर, बस इतना ही था," सर म्हणाले आणि दाराकडे निघाले.

मला इतका राग आला की मी व्हरांड्यात त्यांची वाट अडवली. "तुमी स्वतःसाठी कावून नाही बोलले?"

"दोन मागण्या ठेवल्या असत्या तं त्यायनं एक देऊन दुसरी कापली असती. कोणती कापली असती, सांग?"

"पण तुमीच तं शिकवलं, मागितल्याशिवाय उठाचं नाही!"

"शिकवलं नं. पण पेपर तुमचा हाय बाई, माहा नाही." आणि चालू पडले. तो डाव होता की ऐन वेळी त्यांच्या तोंडून शब्दच फुटला नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आता मीही एका कारखान्यात एचआरला आहे. समोर माणूस गप्प बसला की मला चैन पडत नाही.

निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन नेहरू नगरला त्यांच्या घरी गेले. सर तेव्हा एका कोचिंग क्लासमध्ये तास घ्यायला लागले होते. काकूंना मी पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी मला पाणी दिलं, समोर बसल्या आणि एकदम विचारलं, "त्या दिवशी तू होतीस नं आत? हे म्हणतेत, मी लय भांडलो, पण त्यायनं ऐकलंच नाही. मले खरं सांग. हा माणूस घरात बी काही मागत नाही. सहा महिने झाले, माह्या मनात तेच फिरून राहिलं, हे तोंड उघडून बोलले तरी असतीन का? भांडले का खरंच?"

सर पेढ्यांच्या बॉक्सची सुतळी सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. गाठ सुटत नव्हती.

"लय भांडले, काकू," मी म्हटलं. "टेबलावर वाकून भांडले. शिपाई बी पाहाले आला."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "बस मंग," त्या म्हणाल्या. "भांडले नं. मंग नोकरी गेली तं गेली." त्यांचा चेहरा इतका हलका झाला की मलाच भरून आलं. कोणासाठी भांडले, ते त्यांनी विचारलं नाही.