फोन उत्कर्षाच्या पुढ्यात

उत्कर्षा धुमाळला कोणी काम दाखवायला बोलावलं की ती आधी खुर्ची ओढून घ्यायची आणि मग कीबोर्ड. "सरक जरा," एवढंच म्हणायची. समोरच्याने आपली चूक दुसऱ्याच्या हातून दुरुस्त होताना उभ्याने बघायची. कोथरूडच्या एका बंगल्यात सात-आठ जणांनी सॉफ्टवेअरची कंपनी सुरू केली तेव्हा हे खपून गेलं. पण दोन हजार सालच्या आसपास कामांचा पूर आला, कंपनी काचेच्या इमारतीत गेली, दर सोमवारी नवी पोरं रुजू व्हायला लागली, आणि बाईंची खुर्ची ओढायची खोड काही जाईना. सांगत बसण्यापेक्षा केलेलं बरं, हे तिचं ठरलेलं उत्तर. मग सगळं आपल्यालाच करावं लागतं म्हणून चिडचिडही तिचीच.

नवा मोठा प्रोजेक्ट येऊ घातला होता आणि त्याची मॅनेजर व्हायची तिची फार इच्छा होती. तिचे साहेब श्यामसुंदर यांनी एका वाक्यात विषय संपवला. "तुझ्या जागी कोण बसेल ते दाखव, मग बोलू." वर तिला नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं. तिथे डोळे मिटून मागे पडायचं होतं, सहकारी झेलणार होते. उत्कर्षा मागे वळली आणि झेलायला नीट उभं कसं राहायचं ते त्यांना समजावत बसली. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. बाई काही पडल्या नाहीत.

अमेरिकेतल्या क्लायंटशी दर आठवड्याला बोलणं व्हायचं. टेबलावरचा स्पीकरचा फोन तिच्याच पुढ्यात. प्रश्न कोणालाही असो, उत्तर तिचं. दुसऱ्या कोणी तोंड उघडलं की हिचा अंगठा म्यूटच्या बटणावर. लातूरहून आलेला संतोष तर वर्षभर त्या खोलीत नुसती बिस्किटं खात होता.

आणि एकदा ऐन कॉलच्या दिवशी तिचा घसा बसला. गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, आवाज काही फुटेना. क्लायंटने विचारलं, पुढचा भाग कधी मिळेल? उत्कर्षाने कागदावर तारीख लिहून संतोषच्या नाकासमोर नाचवली. त्याने ती पाहिली, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आत्ता सांगता येत नाही, टेस्टिंग बाकी आहे, सगळ्यांना विचारून उद्या कळवतो. उत्कर्षाने कपाळाला हात लावला. पलीकडून शांतपणे होकार आला.

"माहीत नाही, असं क्लायंटला सांगतात का रे?" फोन ठेवल्यावर तिने कसंबसं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मॅडम, तुम्ही लिहिलेली तारीख आम्हाला जमणार नव्हती. मागचीही जमली नव्हती. ती तुम्ही एकटीने जमवलीत."

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लागलं. ते मागचं काम तिने तापात केलं होतं आणि महिनाभर सगळ्यांना ऐकवलं होतं.

पुढच्या कॉलपर्यंत घसा ठणठणीत झाला. या वेळी श्यामसुंदरही येऊन बसले होते. क्लायंटने प्रश्न टाकला आणि सवयीने सगळ्या माना उत्कर्षाकडे वळल्या. उत्तर तिच्या अगदी जिभेवर होतं. तिने फोन संतोषकडे सरकवला. तो अडखळला, भलत्याच टोकाकडून सुरुवात केली, मधेच थांबून पाणी प्यायला. उत्कर्षा मनातल्या मनात चरफडली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली.